गाडीतील जादा फ्यूज-पेटी : थोडा हिशेब, थोडी खबरदारी

(शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी पालक व वाहनचालक यांच्यापुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना श्रोत्यांच्या जागी वाचकांना समोर धरले आहे.)

प्रथम एक खुलासा करतो. मी बी. ए., बी. एड. झालेला इतिहासाचा शिक्षक आहे. फ्यूज, रिले आणि विजेच्या वायरी यांवर मी बोलणार हे कळल्यावर आमचे विज्ञानाचे सहकारी गालातल्या गालात हसले, आणि त्यांचे हसणे रास्तच होते. अचलपूरची इमादशाही, हौज कटोरा, गाविलगडचे बुरूज हा माझा प्रांत. परंतु काही विषय माणूस आवडीने शिकतो आणि काही भीतीने. हा विषय मी भीतीने शिकलो आहे, म्हणून तो विसरणे शक्य नाही.

दर पावसाळ्यात नववीच्या मुलांना गाविलगड दाखवावयास नेण्याचा माझा परिपाठ आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या काळातला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकलेला हा किल्ला पुस्तकात वाचण्यापेक्षा पायांनी पाहिलेला बरा, असे माझे मत आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मुलांची ने-आण करणारी एक व्हॅन ठरविली. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात धुके कसे उतरते हे वऱ्हाडातल्या माणसास सांगावयास नको. म्हणून मी चालकास म्हटले, "भाऊ, पुढे धुक्याचे दोन दिवे लावून घ्या, पैसे मी देतो." दिवे बसविणाऱ्या मिस्त्रीने दिव्यांखेरीज वेगळा फ्यूज, रिले आणि जाड वायर यांचे पैसे सांगितले. मला ते उगीच फुगविलेले बिल वाटले. "तेवढे राहू द्या, नुसते दिवे जोडा," असे मीच म्हणालो. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे घडले त्यात मिस्त्रीपेक्षा माझा वाटा मोठा होता.

परतीच्या वाटेवर अंधार पडू लागला होता. धुके होते, पाऊस होता, गाडीत अकरा मुले होती. दिवे लावलेले, पंखा चालू, दोन मुलांचे मोबाईल चार्जिंगला लावलेले. चालकाने वळणावर हॉर्न दाबला आणि डॅशबोर्डच्या खालून निळसर धूर आला. प्लॅस्टिक जळाल्याचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. चालक ओरडला, "सर, पोरायले घेऊन खाली उतरा पहिले!" मुले उतरेपर्यंत त्या भल्या माणसाने दहा नंबरचा पाना काढून बॅटरीचे टर्मिनल सोडविले होते. धूर थांबला, पण त्याबरोबर गाडीतला प्रत्येक दिवाही विझला. मेळघाटच्या हद्दीवर, धुक्यात, दगडी कठड्याला टेकून आम्ही पावणेदोन तास उभे होतो. कोणालाही इजा झाली नाही. एक मुलगी तेवढी सारखी विचारीत होती, "सर, वाघ इथपर्यंत येतो का?" मी नाही म्हणालो. त्याची मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून परतवाड्यास नेली. डॅशबोर्डखालचे आवरण काढणारा तरुण मला पाहून उठून उभा राहिला. तो आमच्याच शाळेचा निघाला. नववीत गणितात नापास झाल्यावर शाळा सोडून गॅरेजात लागला होता. त्या वेळी त्याच्या वडिलांनी मला विचारले असता मी म्हटले होते की, मुलाचे लक्ष अभ्यासात नाही, कुठेतरी कामाला लावा. हे वाक्य त्याला आठवत होते की नाही, ते मी विचारले नाही. त्याने काळ्या पडलेल्या वायरींचा झुबका बाहेर ओढला आणि मला दाखविले. दिवे, पंखा आणि चार्जर ही तिन्ही कनेक्शने हॉर्नच्या एकाच बारीक वायरीला पीळ देऊन जोडलेली होती. ती वायर पत्र्याच्या एका उघड्या भोकातून गेली होती आणि तिथे तिचे आवरण घासून निघाले होते. हॉर्नचा फ्यूज पूर्वी केव्हातरी उडाला असावा, कारण त्या उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांभोवती तांब्याच्या तारांचा पीळ गुंडाळलेला होता.

मी म्हणालो, "म्हणजे दिव्यांना फ्यूजच नव्हता."

तो म्हणाला, "सर, फ्यूज कायी लाइटासाठी नसते, वायरीसाठी असते."

वाचकहो, मला आज जे सांगावयाचे आहे ते या एका वाक्यात आले आहे. बाकी सारे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की फ्यूज हा दिव्याचे, पंख्याचे किंवा रेडिओचे रक्षण करतो. वस्तुतः दिवा बिघडला तर फार तर दिवा जातो. वायर तापली तर गाडी जाते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते, तिला हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून आपण तिला गरीब समजतो. परंतु इंजिन सुरू करताना हीच बॅटरी स्टार्टरला शंभर-दोनशे अँपिअर प्रवाह सहज पुरविते. हीच बॅटरी, आवरण निघालेली वायर गाडीच्या पत्र्याला टेकताच, तेवढाच किंवा त्याहून जास्त प्रवाह त्या बिचाऱ्या वायरीतून ढकलू पाहते. वायर क्षणात लाल होते. आपल्या घरातील वीज जास्त दाबाची असते, पण तिच्या वाटेत मीटरजवळ मुख्य कटआउट आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र किटकॅट असतो. गाडीत जादा वस्तू बसविताना मात्र आपण असे वागतो की जणू शेजाऱ्याच्या घरातील दिव्याच्या होल्डरमधून वायर ओढून आपला पाण्याचा पंप चालवावा.

येथे शाळेतील थोडे गणित लागते. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. धुक्याचा एक दिवा ५५ वॅटचा, दोन दिवे मिळून ११०. त्याला १२ ने भागा, ९ अँपिअरहून थोडे जास्त येतात. हॉर्नची जी वायर आमच्या गाडीत होती ती जुने दुकानदार जिला तेवीस-शहात्तर म्हणतात तशी होती. या आकड्यांचा अर्थ मला तोपर्यंत ठाऊक नव्हता: तेवीस बारीक तारा, आणि प्रत्येक तारेची जाडी ०.००७६ इंच. सगळ्यांची मिळून तांब्याची जागा भरते पाऊण चौरस मिलिमीटरपेक्षाही कमी. इतक्या बारीक वायरीवर दिव्यांचे ९, पंख्याचे ३, चार्जरचे ३, आणि त्यात हॉर्न! उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. या वायरीतून १५ अँपिअर गेले तर दर मीटरला सुमारे ६ वॅट उष्णता निघते, ३० गेले तर २३ वॅटच्या वर. तेवीस-पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे असते, त्याने शिसे वितळते. त्याच मापाची उष्णता वायरींच्या झुबक्यात, टेपने गुंडाळून, डॅशबोर्डच्या आत ठेवली तर काय होईल हे सांगावयास विज्ञानाचा शिक्षक नको.

त्यात आपला वऱ्हाड. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून किती तरी अधिक. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते आणि इंजिनातील पाणीच ९० अंशांच्या आसपास असते. थंड देशातील तक्त्यात जी वायर पुरेशी म्हणून दिली आहे, ती आपल्याकडे एक माप जाड घ्यावी हे बरे.

आता फ्यूजकडे येऊ. हा शब्द मूळ लॅटिन, त्याचा अर्थ वितळलेले. साखळीत मुद्दाम एक कच्ची कडी ठेवावयाची आणि ताण आला की तीच तुटू द्यावयाची, एवढेच त्याचे तत्त्व. मात्र फ्यूज हा काही क्षणात न्याय करणारा काझी नव्हे. १५ अँपिअरच्या फ्यूजमधून १५ चे १६ झाले तर तो तासन् तास टिकतो. २० झाले तर कदाचित काही मिनिटे दम धरतो. दुप्पट, म्हणजे ३० झाले, तर पाच सेकंदांच्या आत उडतो. तेवढ्या काळात वायरीने तग धरला पाहिजे. म्हणून नियम असा की प्रथम वस्तूचे अँपिअर काढावे, त्यात चौथाई मिळवावी, त्यावरचा मिळेल तो फ्यूज घ्यावा, आणि वायर त्या फ्यूजहून समर्थ घ्यावी. दिव्यांचे ९ अधिक चौथाई म्हणजे साडेअकरा. फ्यूज १५ चा. वायर अडीच चौरस मिलिमीटरची. यात क्रम उलटा करून चालत नाही. आपल्याकडे फ्यूज वारंवार उडू लागला की १५ च्या जागी ३० चा घालतात आणि उडणे थांबले म्हणून समाधान मानतात. त्या दिवसापासून फ्यूजची जागा वायरीने घेतलेली असते. साखळीतली कच्ची कडी आता तीच. सिगारेटच्या पाकिटातील चांदीची पन्नी किंवा तारेचा पीळ यांविषयी तर बोलावयासच नको.

हल्लीच्या पात्यांच्या फ्यूजना रंग असतात, ते मुलांनाही पाठ करता येतात. ५ फिकट तपकिरी, १० तांबडा, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. उद्या आपल्या गाडीत हॉर्नच्या जागी हिरवा फ्यूज दिसला तर चालकास कारण विचारा.

रिलेविषयी मला, इतिहासाचा माणूस म्हणून, विशेष आपुलकी वाटते. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. पूर्वी डाक नेणारा घोडा दमला की चौकीवर ताजा घोडा तयार असे, त्या बदलीच्या घोड्यांना हे नाव होते. आपल्याकडे शेरशहाच्या सराया आणि डाकचौक्या याच कामाच्या. पुढे तारायंत्र आले. शेकडो मैल दूर जाताना तारेतला प्रवाह क्षीण होई. तेव्हा १८३५ च्या सुमारास अमेरिकेच्या जोसेफ हेन्रीने अशी युक्ती काढली की त्या क्षीण प्रवाहाने फक्त एक लहान विद्युतचुंबक जागा करावा, आणि चुंबकाने दुसऱ्या ताज्या बॅटरीचे दार उघडावे. थकलेल्या घोड्याने निरोप दिला, ताजा घोडा दौडत निघाला. भारतातील सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारयंत्रातला तो रिले आजही प्रत्येक मोटारीत टक् असा आवाज करीत बसला आहे.

गाडीतला रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान अशी एक काळी डबी. तिच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. पाचवा पाय असल्यास तो ८७अ. हे आकडे जर्मन प्रमाणातले आहेत आणि जगभर चालतात, ही फार सोयीची गोष्ट आहे. ८५ आणि ८६ यांच्यामध्ये चुंबकाची गुंडाळी असते. तिला दीड दशांश अँपिअर म्हणजे अगदी नाममात्र प्रवाह पुरतो. ३० आणि ८७ हे जड प्रवाहाचे दार, ते ३० किंवा ४० अँपिअर झेलते. चालकाच्या हाताखालचे बटण फक्त गुंडाळीला जागे करते, त्यामुळे बटणाची वायर बारीक चालते आणि बटण तापत नाही. जड प्रवाह बॅटरीपासून दिव्यापर्यंत जवळच्या वाटेने जातो, डॅशबोर्डमध्ये शिरतच नाही.

याचा आणखी एक फायदा आहे जो मला फार उशिरा कळला. एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर वायरीतून १० अँपिअर गेले तर वाटेतच ०.७ व्होल्ट खर्च होतात. ०.७ म्हणजे काहीच नाही असे वाटते. परंतु तंतूच्या बल्बचा उजेड दाबापेक्षा पुष्कळ वेगाने घटतो. एवढ्याशा घटीने जवळजवळ पाचवा हिस्सा उजेड कमी होतो. मग चालक म्हणतो दिवे मंद आहेत, आणि अधिक वॅटचे बल्ब आणतो. वायर आणखी तापते, दिवे आणखी मंद होतात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली असती तर बल्ब बदलावाच लागला नसता.

आमच्या व्हॅनमध्ये त्या तरुणाने जी पेटी बसविली तिचे वर्णन करतो. बॅटरीच्या धन टर्मिनलवरून सहा चौरस मिलिमीटरची लाल वायर निघते. टर्मिनलपासून एका वितीच्या आत ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज आहे. एका वितीच्या आत का, असे मी विचारले, तर तो म्हणाला की फ्यूजच्या अलीकडची वायर बिनपहाऱ्याची असते, ती जितकी लहान तितकी बरी. तेथून वायर पेटीतल्या ४० अँपिअरच्या रिलेच्या ३० क्रमांकावर येते. ८७ वरून एका पितळी पट्टीवर, आणि पट्टीवरून तीन फ्यूज: दिव्यांना १५, पंख्यांना ५, चार्जरला ५. दिव्यांना पुढे त्यांचा स्वतंत्र लहान रिले आहे. मोठ्या रिलेच्या गुंडाळीची वायर किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीला जोडली आहे, म्हणजे किल्ली काढली की पंखा, चार्जर, दिवे सारे आपोआप बंद. रात्रभर चार्जर चालू राहून सकाळी गाडीला धक्का मारण्याचा प्रसंग येत नाही. गाडी कोठे आहे हे सांगणारे जीपीएस यंत्र मात्र किल्ली काढल्यावरही चालावे लागते. त्याला रिलेच्या अलीकडून, थेट मुख्य फ्यूजनंतर, स्वतःचा ३ अँपिअरचा फ्यूज देऊन जोडले आहे. कोणती वस्तू किल्लीबरोबर झोपावी आणि कोणती जागी राहावी, हे मिस्त्रीने नव्हे तर मालकाने आधी ठरवावे.

सगळ्यांची बेरीज सोळा-सतरा अँपिअर होते. मुख्य फ्यूज ३० चा. उद्या कोणी त्यात आणखी काही जोडू पाहील तर जागा आहे, पण हिशेब पुन्हा करावा लागेल.

परतीची वाट, जिला आपण अर्थ म्हणतो, तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रवाह जेवढा जातो तेवढाच परत येतो. रंगावर किंवा गंजावर बोल्ट आवळला तर दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, आणि सांधा तापतो. त्या तरुणाने पत्र्याचा रंग कानसेने खरवडून चकाकी आणली, लग आवळला आणि वरून ग्रीस लावले. पत्र्याच्या ज्या भोकाने घात केला होता त्यात रबरी ग्रोमेट बसविला. किंमत विचारली तर हसला. अकरा मुलांना घाटात उतरविणाऱ्या त्या भोकाला एवढेसे रबर पुरले असते.

वायर विकत घेताना एक परीक्षा त्याने मला शिकविली, ती आपणही करावी. तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. आतून पांढरी निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा नुसता मुलामा. अशी वायर त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून अधिक अडथळा करते, म्हणजे तेवढीच अधिक तापते. ट्रक आणि एसटी बस यांत २४ व्होल्ट असतात हेही लक्षात ठेवावे. संत्र्याच्या ट्रकवर १२ व्होल्टचा रिले बसविला तर त्याच्या गुंडाळीत चौपट उष्णता होऊन ती थोड्या वेळात जळते. स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये.

हे सारे आपल्या गावच्या गॅरेजापुरते आहे असे समजू नका. टाटा नॅनो ही गाडी २००९ मध्ये लोकांच्या हाती आली. पुढे काही नॅनो पेटल्या. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवी कोरी गाडी शोरूममधून घरी नेताना वाटेतच जळाली. देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितले की गाडीच्या मूळ रचनेत दोष आढळला नाही. कारणे त्या त्या गाडीपुरती होती, आणि त्यांत बाहेरून बसविलेली विजेची जादा साधने व एक्झॉस्टवर राहिलेली परकी वस्तू यांचा उल्लेख होता. तरीही कंपनीने ग्राहकांच्या गाड्यांना विद्युत व एक्झॉस्ट व्यवस्थेत जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. कोणाचे किती चुकले या वादात मी पडत नाही. परंतु ज्यांनी गाडी घडविली त्यांनाही अखेर जादा संरक्षणाकडे वळावे लागले, एवढे आपणास पुरे आहे.

कायद्याविषयी थोडे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमाने एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई आहे. तेव्हा असा हॉर्न कितीही चांगल्या रिलेवर बसविला तरी तो बेकायदेशीरच राहतो. समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये शालेय बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. शाळेच्या गाडीत अग्निशामक असावा लागतो हे पालकांना ठाऊक असते, आणि ते तो आहे का म्हणून पाहतातही. आग विझविण्याचे साधन आपण मोजतो, ती जेथून लागते ती जागा पाहत नाही. पालकसभेत मी आता चालकांना तीनच प्रश्न विचारतो: जादा वस्तू कोणत्या बसविल्या आहेत, प्रत्येकीचा फ्यूज कोठे आहे, आणि बॅटरीचे टर्मिनल सोडविण्याचा पाना गाडीत हाताशी आहे का. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळते. दुसऱ्याला बहुधा मिळत नाही. तिसऱ्या प्रश्नावर एक चालक म्हणाला, "सर, पाना घरी आहे." आता तो गाडीत असतो.

काही पालक विचारतात की एवढा खर्च कशाला. पेटी, दोन रिले, फ्यूज, चांगली वायर आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो मी त्या वेळी वाचविलेल्या पैशांहून अधिक होता हे खरे. पण जळालेल्या वायरींचा संच, गाडी ओढून आणण्याचे भाडे आणि आठ दिवस बुडालेली मुलांची ने-आण यांच्या मानाने तो निम्माही नव्हता. त्यातला माझा हिस्सा मी चालकाला दिला. तो घेत नव्हता.

राहिली त्या तरुणाची गोष्ट. गणितात नापास झालेला हा मुलगा वॅटला व्होल्टने भागणे बोटांवर करीत होता, प्रवाहाचा वर्ग काढीत होता, आणि चौथाई मिळवून वरचा आकडा धरीत होता. नववीच्या वर्गात हेच भागाकार आणि वर्ग आम्ही त्याला रेल्वेगाड्यांच्या व हौदांच्या उदाहरणांतून शिकविले होते. मी त्याला म्हटले, "प्रदर्शनात येऊन मुलांना दाखवशील का?" तो म्हणाला, "सर, मले बोलता येत नाही. पेटी बनवून देतो, तुम्ही बोला." म्हणून आज मी बोललो. लाकडी फळीवर बसविलेली बॅटरी, दोन रिले, फ्यूजची पट्टी आणि दोन दिवे असा जो नमुना प्रदर्शनात आपण पाहिला तो सर्वस्वी त्याचा आहे. त्यात एका ठिकाणी तेवीस-शहात्तरची उघडी वायर आणि दुसऱ्या ठिकाणी तीच वायर ५ अँपिअरच्या फ्यूजसह लावली आहे. दोन्हींना शॉर्ट केले की पहिली लाल होते आणि दुसरीचा फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजची बरणी शेजारी ठेवली आहे. तीत पहिल्या दिवशी सदतीस जमले.

हा नमुना आता शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. ज्या पालकांना व चालकांना तो पाहावयाचा असेल त्यांनी शनिवारी मधल्या सुट्टीनंतर यावे. गाडी बरोबर आणल्यास तो तरुण डॅशबोर्डखाली एकदा नजर टाकून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना आपल्या गाडीत काय काय जादा बसविले आहे ते एका कागदावर लिहून आणावे, म्हणजे वॅट मांडण्यात वेळ जाणार नाही.